कट्टी झाली म्हणून काय झालं?



डिसेंबरातली गोष्ट आहे. संध्याकाळी साडेसहाचा सुमार. कुकर लावून मी मेथी निवडायला बसले होते, तोच लेक शाळेतून आली. चपला दारातच भिरकावल्या, दप्तर कॉटवर टाकलं आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. उपमा ठेवला होता तो तसाच राहिला. मी हाक मारली तर उत्तर नाही. शेवटी जवळ जाऊन बसले तेव्हा उशीतूनच आवाज आला, "मी आता तिच्याशी कध्धीच बोलणार नाही."

'ती' म्हणजे समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींची मुलगी. दोघी बालवाडीपासून एका बाकावरच्या. दोघींचे डबे एकत्र, दोघींच्या रिबिनी एका रंगाच्या. आता सातवीत गॅदरिंगसाठी कोळीनृत्य बसवत होते. त्यात जोड्या होत्या, आणि 'तिने' जोडीदार म्हणून आमच्या लेकीला सोडून जूनमध्ये शाळेत आलेल्या एका नव्या मुलीला निवडलं होतं. एवढंच झालं होतं. पण बारा वर्षांच्या जिवाला ते आभाळ कोसळल्यासारखं वाटत होतं.

मी काय करावं? पहिलाच प्रश्न विचारला, "चूक कुणाची?" आणि लेकीने रडत रडत सगळी फिर्याद मांडल्यावर पदर खोचून फोन लावला समोरच्या वहिनींना. "तुमच्या मुलीला जरा समजवा हो, इतक्या वर्षांची मैत्री अशी तोडतात का?" वहिनी म्हणाल्या, "माझ्या मुलीने कुणाबरोबर नाचायचं हे मी कशी ठरवणार?" मग मी एक बोलले, त्या दोन बोलल्या. गेल्या वर्षीच्या सहलीचं काहीतरी निघालं, कुणी कुणाला आधी क्लासचा पत्ता दिला ते निघालं. फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते. आठ वर्षं साखरेच्या आणि विरजणाच्या वाट्या ज्या दारातून आल्या-गेल्या, ते दार त्या दिवशी बंद झालं.

आता पुढची गंमत ऐका. मुलींची कट्टी अकराव्या दिवशी सुटली. आम्हां दोघींची संक्रांतीपर्यंत सुटली नाही!

तेव्हापासून मी या विषयावर विचार करते आहे. आपण मुलांना पाढे शिकवतो, शुद्धलेखन शिकवतो, पोहायला घालतो. मैत्री मात्र आपोआप येते असं समजतो. ती आपोआप येत नाही. दुखावलं तर काय करायचं, राग आला तर कुठे थांबायचं, आपल्या माणसाला दुसरं कुणी आवडलं तर ते कसं सोसायचं, हे सगळं पोळी लाटण्यासारखंच शिकावं लागतं. पहिल्या पोळीचा नकाशा होतो, म्हणून आपण लाटणं काढून घेत नाही ना?

आपली गावं नव्या भिडूंची

आपल्या या तीन गावांत तर ही विद्या फारच हवी. जरा आठवून बघा, इथे मुळचं असं कोण आहे? १९४७ च्या फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. अजूनही आपण पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' म्हणतोच. त्या छावण्यांत आलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे सगळे सवंगडी एका फटक्यात सुटले असतील. नवी भाषा, नवी शाळा, आणि पुन्हा पहिल्यापासून दोस्ती. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि इतर कारखान्यांच्या निमित्ताने कुठकुठली माणसं येऊन राहिली. आणि बदलापूरचं काय सांगावं! २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून चाळीतली खोली सोडून लोक इथे ब्लॉक घेतात. मोठ्यांना स्वयंपाकघर मोठं मिळतं, गॅलरी मिळते. मुलांना काय मिळतं? अनोळखी वर्ग.

आमच्या लेकीच्या वर्गातली ती नवी मुलगी अशीच लालबागहून आलेली. चाळीत दहा मैत्रिणी होत्या, इथे एकही नाही. आई-वडील दोघं सकाळच्या गाडीने मुंबईला जातात ते रात्री येतात. जूनपासून दिवाळीपर्यंत ती मधल्या सुट्टीत एकटी डबा खायची, हे आमच्या लेकीच्या लक्षातही आलं नव्हतं. वहिनींच्या मुलीच्या मात्र आलं होतं. म्हणून तिने तिला नाचात जोडीला घेतलं. मी फोनवरून जिला 'मैत्री तोडणारी' म्हटलं, ती खरं तर मैत्री करत होती. आजही ते आठवलं की मला ओशाळल्यासारखं होतं.

याच वयात एवढं का लागतं?

"आमच्या वेळी नव्हतं बाई असं," आपण सहज म्हणून जातो. होतं. आपण विसरलो.

लहानपणी मैत्रीण म्हणजे जिच्याशी खेळायचं ती. भातुकली संपली की मैत्री संपली, दुसऱ्या दिवशी नवी. दहा-अकराच्या पुढे मात्र मैत्रीण म्हणजे जिला गुपित सांगायचं ती. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्या १९५३ मध्ये निघालेल्या पुस्तकात त्यांनी म्हटलं आहे की, वयात येण्याच्या जरा आधी मुलाला एक जिवाभावाचा सोबती लागतो, आणि दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकंच महत्त्वाचं वाटायला मूल त्या सोबत्यापासून शिकतं. म्हणजे ही एक मैत्री पुढच्या सगळ्या नात्यांची रंगीत तालीमच. पण जीव एकीतच गुंतलेला असल्यामुळे 'तिसरी' आली की काळजात धस्स होतं.

त्यात शरीराचीही गंमत आहे. वयात येताना भावना उसळवणारा मेंदूचा भाग लवकर जागा होतो, आणि 'थांब, विचार कर' म्हणणारा कपाळामागचा भाग पुरता पक्का व्हायला पंचविशी उजाडते. गॅस मोठा, पण पातेल्यावर लक्ष ठेवणारं कुणी नाही, अशी स्थिती. दूध उतू जायचंच.

आणि वगळलं जाण्याचं दुःख खोटं नसतं बरं. २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. माणसांना संगणकावर चेंडू झेलण्याचा खेळ दिला आणि थोड्या वेळाने इतर खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकेनासेच झाले. त्या वेळी त्यांच्या मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शरीराला दुखतं तेव्हाही जागा होतो. खेळ कसला, तर संगणकावरचा चेंडू! मग वर्षानुवर्षांच्या मैत्रिणीने पाठ फिरवली तर काय होत असेल? तेव्हा "एवढ्याशा गोष्टीवरून काय रडतेस" हे वाक्य आपण आपल्या तोंडातून काढून टाकलेलं बरं.

आजीचा प्रश्न

आमच्या घरी गाठ सोडवली ती सासूबाईंनी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या लेकीच्या केसांना तेल लावत बसल्या होत्या. चूक कुणाची वगैरे काही नाही. नुसतं विचारलं, "तुला राग आलाय गं, की भीती वाटतेय?"

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती आता माझी राहणार नाही."

बघा! मी रागाचा निवाडा करायला निघाले होते, आणि आत होती भीती. रागावर इलाज करून भीती कशी जाणार? पायात काटा आणि मलम हाताला, तशातली गत. त्या दिवसापासून मी एक शिकले. मूल कट्टी करून आलं की 'चूक कुणाची?' हा प्रश्न मागे ठेवायचा आणि 'वाटतंय काय?' हा आधी विचारायचा. पहिल्या प्रश्नाने मूल वकील होतं. दुसऱ्याने ते स्वतःकडे बघायला लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मुलांना सांगता कुठे येतं? खरं आहे. मी आठवड्यातून तीन दिवस उल्हासनगरच्या एका शाळेत मराठी शिकवायला जाते. एकदा सातवीच्या वर्गाला सांगितलं, मनात जे जे येतं त्याची नावं वहीत लिहा. बहुतेक वह्यांत तीनच शब्द सापडले: राग, बोअर आणि टेन्शन. मग आम्ही फळ्यावर शब्द गोळा करायला लागलो. हिरमुसणं, खट्टू होणं, रुसणं, हेवा, असूया, धास्ती, संकोच, ओशाळणं, चुटपुट, हुरहुर. आपल्या मराठीत केवढी श्रीमंती आहे! एका मुलाने विचारलं, "बाई, चुटपुट म्हणजे?" म्हटलं, मित्राला नको ते बोललास, तो निघून गेला, आणि रात्री झोप येत नाही, ती चुटपुट. तो म्हणाला, "मग ती मला काल होती."

नुसत्या नावाने काय होतं? होतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी दाखवलं की, रागावलेला किंवा घाबरलेला चेहरा पाहून माणसाने त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीतीच्या केंद्राची धडधड कमी होते. आपल्या आज्या हे प्रयोगाशिवाय जाणत होत्या. "बोल, म्हणजे मन हलकं होईल," असं त्या उगीच म्हणत नसत.

घरच्या घरी शिकवायच्या चार गोष्टी

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं सांगितली. स्वतःची ओळख, समानुभूती, नीट संवाद, नाती जपणं, भावना हाताळणं, ताण हाताळणं ही त्यांतलीच. नावं भारदस्त आहेत, पण ओट्याशी उभ्या उभ्या शिकवता येतील अशी आहेत. मी मैत्रीपुरत्या चार निवडल्या आहेत.

पहिली, भावनेला नाव देणं. ती वर आलीच. यात आपणही भाग घ्यायचा. "आज मावशीने मला लग्नाला बोलावलं नाही, मी जरा खट्टू झाले आहे," असं आईने एकदा जेवताना म्हटलं, तर मुलांना कळतं की मोठ्यांनाही असं होतं आणि ते बोलता येतं.

दुसरी, थांबणं. रागाच्या भरात उत्तर द्यायचं नाही. मुलग्यांच्या आयांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. मुलींची भांडणं अबोल्याने होतात, मुलग्यांची बहुधा बॅटीने. 'आऊट की नॉटआऊट' यावरून गल्लीत हातघाई होते आणि महिनाभर क्रिकेट बंद. आमच्या बिल्डिंगीतल्या एका मुलाला त्याच्या आईने सांगितलंय, राग आला की आधी जिन्याने खाली जायचं, एक फेरी मारायची, पाणी प्यायचं, मग बोलायचं. तिसऱ्या मजल्यावरून उतरून वर येईपर्यंत निम्मा राग जिन्यातच राहतो, असं ती म्हणते. व्हॉट्सॲपचं तर याहून कडक हवं. तिथे बोलायला मैत्रिणीचा चेहरा समोर नसतो, तिचे भरून आलेले डोळे दिसत नाहीत, आणि लिहिलेलं दहा जण वाचतात. त्या ॲपची वयाची अट मुळात १३ वर्षांची आहे. तरी सातवीतल्या मुलांचे गट असतातच, बहुतेक आपल्याच फोनवर. कुणाला तरी वगळून गट काढणं ही आजची 'कट्टी' आहे. घरात एक नियम करा: भांडण फोनवर करायचं नाही, समोरासमोर करायचं.

तिसरी, दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून बघणं. माझ्या वर्गात एक सिंधी मुलगा आहे. सगळे त्याला 'पापड' म्हणून हाक मारायचे, आणि तोही हसायचा. त्याचा जिवलग दोस्तही तीच हाक मारायचा. मग एक दिवस त्याने त्या दोस्ताशी बोलणंच बंद केलं. दोस्त गोंधळला. "बाई, तो तर हसायचा!" मी विचारलं, "तुला सगळ्या वर्गासमोर कुणी चिडवलं तर तू काय करतोस?" तो म्हणाला, "हसतो. नाहीतर आणखी चिडवतात." मग स्वतःच गप्प झाला. पुढचं मला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मित्राला त्याच्या नावाने हाक मारली. माफीचं भाषण नाही की काही नाही, फक्त नाव.

चौथी, नातं न तोडता 'नाही' म्हणता येणं, आणि चुकल्यावर 'चुकलं' म्हणता येणं. पहिलं मुलींना अवघड जातं, दुसरं मुलग्यांना, असा माझा अनुभव. मैत्रीण रागावेल म्हणून वही नक्कल करायला देणारी मुलगी पुढे कशाकशाला 'हो' म्हणेल, याचा विचार करा. "मी तुला गणित समजावते, पण वही देणार नाही," हे वाक्य घरी चारदा म्हणवून घ्यावं. आणि माफी मागताना 'पण' लावायचा नाही. "सॉरी, पण तू आधी..." ही माफी नव्हे, नवं भांडण आहे.

रडीचा डाव

पूर्वी हे सगळं कोण शिकवत होतं? अंगण शिकवत होतं. लगोरी, डबा-ऐसपैस, लंगडी, सागरगोटे. ज्याच्यावर राज्य आलं त्याने ते निमूट घ्यायचं. हरल्यावर जो रुसून घरी जाईल त्याच्या नावाने 'रडीचा डाव खडी' असा गजर व्हायचा. दुसऱ्या दिवशी मात्र त्यालाही भिडू म्हणून घ्यायचेच, कारण दोन्ही बाजूंना माणसं सारखी हवीत! लहानग्याला 'लिंबूटिंबू' करून खेळात ठेवायचं, पण बाहेर काढायचं नाही. हरणं, वाट पाहणं, दुबळ्याला सांभाळून घेणं, सगळं त्यात आलं. मोठं माणूस मध्ये नसायचं, हे सर्वांत महत्त्वाचं.

आता शाळा, मग क्लास, मग दुसरा क्लास. खेळायला मोकळी जागा नाही. आणि आपल्या मनात भीतीही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं आणि २० तारखेला लोकांनी स्टेशनात उतरून तासन् तास रेल्वे अडवली. त्यानंतर कितीतरी आयांनी मुलींना मैत्रिणीकडेसुद्धा पाठवणं थांबवलं. मीही थांबवलं होतं. त्यात कुणाला दोष देता येणार नाही. पण दार लावून घेतलं की मूल सुरक्षित होतं असं नाही, एकटं मात्र होतं. आणि मनातलं सांगायला जवळचं कुणी असणं ही मुलांची मोठी राखण आहे. पुष्कळदा मूल आईच्या आधी मैत्रिणीला सांगतं, आणि ती मैत्रीण आपल्या आईला. म्हणून मार्ग मधला काढावा. मैत्रिणीचं घर आपण आधी पाहावं, तिच्या आईशी ओळख करावी, जाण्यायेण्याची वेळ ठरवावी. आठवड्यातून एक संध्याकाळ बिल्डिंगच्या आवारात चार-सहा मुलांनी खेळावं आणि आपण पाळीपाळीने गॅलरीत भाजी निवडत बसावं. लक्ष ठेवावं, न्याय करायला जाऊ नये.

एक सिनेमा

सुट्टीत मुलांबरोबर बघण्यासारखा एक मराठी सिनेमा सुचवते. अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर पारितोषिक दिलं, आणि २०१५ मध्ये तो आपल्याकडे लागला. वडील गेलेले, आईची बदली झालेली, म्हणून अकरा वर्षांचा चिन्मय पुण्याहून कोकणातल्या गावात येतो. हळूहळू दोस्त मिळतात. सायकली घेऊन सगळे किल्ल्यावर जातात, पावसात ते दोस्त त्याला मागे टाकून निघून जातात, आणि तो दुखावून त्यांच्याशी तुटून वागायला लागतो. आईही नोकरीत आपल्या त्रासात असते. दोघं एकाच घरात एकेकटे. बघून झाल्यावर मुलांना प्रश्न विचारून भंडावू नका. एवढंच म्हणा, "मला त्या चिन्मयचं फार वाईट वाटलं." पुढचं मुलं बोलतील. आमच्याकडे बोलली.

कधी मध्ये पडावं?

प्रत्येक कट्टी सोडून देण्यासारखी नसते. एकदोघांचं भांडण वेगळं आणि चारपाच जणांनी मिळून एकाला रोज छळणं वेगळं. मूल शाळेला जायला नको म्हणतं, सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, डबा परत येतो, वस्तू हरवतात, झोप उडते, फोन वाजला की दचकतं, असं दोन आठवडे दिसलं तर गप्प बसू नये. वर्गशिक्षिकांना शांतपणे भेटावं. मी फोन केला तसा रागाच्या भरात फोन मात्र करू नये. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक फुकट लागतो, मूल स्वतःसुद्धा लावू शकतं. मनाच्या त्रासासाठी सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा सुरू केली आहे, तिचा क्रमांक १४४१६. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी जे सल्ला केंद्र असतं, त्याला महाराष्ट्रात 'मैत्री' क्लिनिक म्हणतात. नाव किती चपखल आहे पाहा. तिथे जाणं म्हणजे मूल वेडं ठरणं नव्हे. ताप आला की जातो तसंच जायचं.

आणि एक. काही मैत्र्या संपतात. सातवीतली जोडी आठवीत वेगळ्या तुकडीत जाते, आवडी बदलतात. तेव्हा "बघ, मी म्हटलं नव्हतं का ती तसलीच!" असं म्हणू नये. ज्या मैत्रिणीवर मुलीने जीव लावला होता तिला नावं ठेवली तर मुलीच्या निवडीलाच नावं ठेवल्यासारखं होतं. शिवाय पोरी उद्या पुन्हा एक झाल्या, तर आपण बोललेलं त्यांच्या लक्षात राहतं.

तर आमच्या कट्टीचं काय झालं?

आजीशी बोलणं झाल्यावरही लेक आठवडाभर घुटमळत होती. मला फार वाटत होतं की आपण काहीतरी करावं. सासूबाईंनी डोळ्यांनीच दटावलं. अकराव्या दिवशी मधल्या सुट्टीत ती स्वतःच मैत्रिणीकडे गेली आणि म्हणाली, "तू तिच्याबरोबरच नाच. पण डबा खाताना मला बोलव. मला भीती वाटली होती." घरी येऊन हे मला सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता की मी मेथी-बिथी विसरून तिला जवळ घेतलं. आता तिघी एकत्र डबा खातात. कुरबुरी होतात. तीन म्हटल्यावर व्हायच्याच.

राहता राहिल्या आम्ही दोघी. लेकीने जे अकरा दिवसांत केलं ते मला महिन्याभरात जमलं नव्हतं. जिन्यात वहिनी दिसल्या की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. मग संक्रांत आली. तिळगुळाच्या वाट्या भरताना लेक म्हणाली, "आई, समोर कोण जाणार? मी गेले तर तुझं राहीलच ना."

गेले. बेल वाजवताना छाती धडधडत होती, खोटं कशाला सांगू? वहिनींनी दार उघडलं. मी म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं." 'पण' जिभेच्या टोकावर आला होता, तो गिळला. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आत या हो. चहा टाकते."

तिळगूळ घ्या आणि गोड बोला, असं आपण दरवर्षी म्हणतो. म्हणायला सोपं असतं. मुलांना ते शिकवायचं असेल तर आधी आपल्याला एकदा समोरचं दार ठोठवावं लागतं.

या आठवड्यात एवढंच करून बघा. मूल रुसून आलं की चूक कुणाची ते विचारू नका. 'वाटतंय काय?' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत भाजी निवडत बसा. उत्तर उशिरा येतं, पण येतं.